कोबाल्टमधला इलेक्ट्रॉन किती फेमटोसेकंद जगतो? एका आकड्याचं परीक्षण

शोधनिबंध वाचताना आपला सगळ्यात जास्त विश्वास बसतो तो आकड्यावर. वाक्याबद्दल शंका येते, आलेखाबद्दल येते, पण तक्त्यात ‘१ ईव्हीला इतके फेमटोसेकंद’ असं छापलेलं असलं की आपण ते वहीत उतरवून घेतो आणि पुढे जातो. आजच्या पोस्टमध्ये अशाच एका आकड्याचं, आणि तो ज्या निबंधांतून आपल्यापर्यंत येतो त्यांचं परीक्षण करायचं आहे. निबंध तीन आहेत: १९९७चा झुरिचच्या ईटीएचमधला कोबाल्टवरचा प्रयोग, २०००चा लोह, कोबाल्ट, निकेल आणि तांब्यावरचा प्रयोग-अधिक-मॉडेल निबंध, आणि २००४चं लोह व निकेलवरचं मूलतत्त्वांपासून केलेलं गणित. तिन्ही चांगले आहेत. वाईट निबंधावर टीका करून शिकायला फारसं काही मिळत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. ‘सिद्धांत आणि प्रयोग जुळले’ हे वाक्य या विषयात वाटतं तितकं वजनदार नाही. ज्या एका मापात खरं वजन आहे, ते मात्र आपण घाईत ओलांडून जातो.

आधी ‘आयुष्य’ म्हणजे काय

धातूवर प्रकाश पडला की फर्मी पातळीच्या खालचा एखादा इलेक्ट्रॉन वर उचलला जातो. तो तिथे फार काळ राहत नाही. खालच्या एखाद्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन त्याला वर ढकलतो आणि स्वतः खाली येतो. मूळ अवस्थेत तो सरासरी जितका काळ टिकतो, ते त्याचं आयुष्य. इलेक्ट्रॉन नष्ट होत नाही, फक्त ती अवस्था सोडतो. हे वाक्य सोपं वाटतं, पण पुढचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

काळाची कल्पना यावी म्हणून एक हिशेब. धातूतला साधारण फर्मी वेग सेकंदाला दहा लाख मीटर. म्हणजे एका फेमटोसेकंदात इलेक्ट्रॉन एक नॅनोमीटर जातो. दहा फेमटोसेकंद जगला तर दहा नॅनोमीटर, साधारण चाळीस-पन्नास अणूंच्या थरांइतका. डी-पट्ट्यातला इलेक्ट्रॉन यापेक्षा बराच संथ असतो.

आता १९५८चं क्विन आणि फेरेल यांचं सूत्र. धातू म्हणजे मोकळ्या इलेक्ट्रॉनांचा वायू असं मानलं, तर आयुष्य (फेमटोसेकंदात) म्हणजे २६३ भागिले आर-एसचा अडीचवा घात, भागिले फर्मी पातळीपासूनच्या उंचीचा (ईव्हीमध्ये) वर्ग. आर-एस म्हणजे इलेक्ट्रॉनांमधल्या अंतराचं माप. तांब्यासाठी आर-एस २.६७ घ्या: १ ईव्हीला सुमारे २३ फेमटोसेकंद येतात. ०.५ ईव्हीला चौपट, म्हणजे सुमारे ९०. २ ईव्हीला ६च्या आत. कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

वर्ग कुठून आला? उंची जितकी जास्त, तितक्या जास्त रिकाम्या जागा खाली आहेत जिथे इलेक्ट्रॉन उतरू शकतो, आणि तितके जास्त खालचे इलेक्ट्रॉन आहेत ज्यांना तो उचलू शकतो. दोन्हींचा गुणाकार म्हणून वर्ग. नेट-सेटच्या तयारीत फर्मी द्रवाचा हा वर्ग आपण पाठ करतो, पण तो फर्मी पातळीजवळ अवस्थांची घनता साधारण सपाट आहे या गृहीतावर उभा आहे, हे पाठांतरात सुटतं. संक्रमण धातूंत, म्हणजे बारावीच्या डी-ब्लॉकमध्ये, नेमकं हेच गृहीत मोडतं.

तांबं आणि कोबाल्ट: डी-इलेक्ट्रॉनांची दोन कामं

तांब्याचा डी-पट्टा पूर्ण भरलेला असतो आणि फर्मी पातळीच्या सुमारे २ ईव्ही खाली सुरू होतो. १ ईव्हीवरच्या इलेक्ट्रॉनकडे तिथल्या कुणाला वर ओढण्याइतकी ऊर्जाच नाही. पण ते डी-इलेक्ट्रॉन गप्प बसलेले नसतात. ते जागच्या जागी सरकून विद्युतबल झाकतात, त्यामुळे टकरी कमजोर होतात आणि आयुष्य वाढतं. कांपिओ, पितार्के, रुबियो, एचेनिके आदींनी १९९९मध्ये तांब्याच्या खऱ्या पट्टरचनेवर हे गणित करून दाखवलं: तांब्यातलं आयुष्य मोकळ्या वायूच्या सूत्रापेक्षा जास्त येतं, आणि त्यात मोठा वाटा डी-इलेक्ट्रॉनांच्या या झाकण्याचा आहे.

कोबाल्टमध्ये तेच डी-इलेक्ट्रॉन उलट काम करतात. इथे डी-पट्टा फर्मी पातळीवरच पसरलेला आहे. उतरायला रिकाम्या जागा भरपूर, उचलायला इलेक्ट्रॉनही भरपूर. आयुष्य आखडतं.

लोहचुंबकात त्यात स्पिनची भर पडते. विश्रांतवाडीहून पुणे स्टेशनकडे निघालेली सकाळची पीएमपी डोळ्यांसमोर आणा. सर्वसाधारण बाकं खचाखच, पण महिलांच्या राखीव बाकांवर चार जागा रिकाम्या. उभ्या असलेल्या बाईला लगेच बसायला मिळतं, उभा पुरुष बराच वेळ दांडा धरून राहतो. कोबाल्टमध्ये बहुसंख्य स्पिनचा डी-पट्टा जवळजवळ भरलेला, अल्पसंख्य स्पिनच्या डी-जागा फर्मी पातळीच्या वर रिकाम्या. म्हणून अल्पसंख्य स्पिनचा इलेक्ट्रॉन लवकर उतरावा, बहुसंख्य स्पिनचा उशिरा. ही उपमा इथवरच चालते. धातूत बसणाऱ्याला आपली ऊर्जा कुणाला तरी द्यावी लागते, म्हणजे एक बसला की दुसरा उभा राहतो. तो दुसरा कोणत्याही स्पिनचा असू शकतो. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

१९९७: प्रयोगाने काय मोजलं

एशलिमान, बाउअर, पावलिक, झिगमान आदींनी तांब्यावर वाढवलेल्या कोबाल्टच्या पातळ थरावर द्विफोटॉन प्रकाश-उत्सर्जन केलं. पहिला लेसर-स्पंद इलेक्ट्रॉनला मधल्या पातळीवर चढवतो, दुसरा त्याला धातूबाहेर काढतो. दोन स्पंदांतलं अंतर वाढवत जायचं आणि बाहेर येणारे इलेक्ट्रॉन किती कमी होतात ते पाहायचं. यांनी बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनांचं स्पिनही मोजलं. निष्कर्ष: फर्मी पातळीच्या १ ईव्ही वर बहुसंख्य स्पिनचं आयुष्य अल्पसंख्य स्पिनच्या दुप्पट.

आता टीका. वापरलेले स्पंद मोजायच्या आयुष्यापेक्षा बरेच लांब असतात. काही फेमटोसेकंदांचं आयुष्य दशकांनी फेमटोसेकंद लांबीच्या स्पंदाने मोजणं म्हणजे सेंटीमीटरच्या पट्टीने केसाची जाडी मोजण्यासारखं. अशक्य नाही, पण मग उत्तर वक्राच्या रुंदीत होणाऱ्या बारीक फरकातून काढावं लागतं, आणि त्यासाठी एक मॉडेल बसवावं लागतं. त्या मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनचा प्रकाशाशी असलेला कलेचा मेळ किती लवकर तुटतो, हेही गृहीत धरावं लागतं. म्हणजे या पद्धतीतला निखळ आकडा वाचताना त्यामागचं मॉडेलही वाचावं लागतं.

दुसरी अडचण मोठी. प्रयोग इलेक्ट्रॉनांची गर्दी मोजतो, एका इलेक्ट्रॉनचं भवितव्य नाही. एका उंचीवरची गर्दी तीन कारणांनी बदलते. इलेक्ट्रॉन खाली उतरतात, हे आपल्याला हवंय. वरून उतरलेले आणि खालून उचललेले इलेक्ट्रॉन त्याच उंचीवर येऊन भरणा करतात, त्याने आयुष्य लांब दिसतं. आणि काही इलेक्ट्रॉन पृष्ठभागाखाली खोल निघून जातात, जिथून ते बाहेर येऊच शकत नाहीत. त्याने आयुष्य आखूड दिसतं.

हे नुसतं तात्त्विक भय नाही. तांब्यावरच्या मोजमापांत आयुष्य-विरुद्ध-ऊर्जा आलेखावर एक उंचवटा दिसतो, आणि फोटॉनची ऊर्जा बदलली की तो उंचवटा सरकतो. इथे थांबून विचार करा. १ ईव्हीवरच्या इलेक्ट्रॉनला तो कोणत्या रंगाच्या प्रकाशाने तिथे आला हे ठाऊक नसतं. रंग बदलल्यावर ‘आयुष्य’ बदलत असेल, तर आपण मोजतोय ते फक्त धातूचं नाही. उंचवट्याचं एक प्रमुख स्पष्टीकरण असं की प्रकाशाने डी-पट्ट्यात पोकळ्या होतात, त्या नंतर भरल्या जाताना इलेक्ट्रॉन उशिरा वर फेकतात, आणि हे उशिरा आलेले पाहुणे मूळच्यांत मोजले जातात.

मग १९९७चा निबंध निकामी? नाही. त्याची ताकद ‘दुप्पट’ या शब्दात आहे. दोन्ही स्पिन एकाच थरावर, त्याच स्पंदाने, त्याच जुळणीत मोजले गेले. स्पंदाच्या लांबीची, जुळणीची चूक दोन्हींना सारखीच लागते, आणि गुणोत्तर घेताना ती बरीचशी कटते. निखळ आयुष्यापेक्षा गुणोत्तर भरवशाचं, ते यामुळे. भरणा आणि निसटणं मात्र पूर्ण कटत नाहीत. एका स्पिनचा इलेक्ट्रॉन उतरताना दुसऱ्या स्पिनचा उचलू शकतो (पीएमपीतला तो उभा राहिलेला दुसरा), त्यामुळे दोन्ही गर्दी थोड्या एकमेकींत मिसळतात. आणि जास्त जगणारा बहुसंख्य इलेक्ट्रॉन जास्त लांब जातो, म्हणून निसटतोही जास्त. दोन्ही परिणाम गुणोत्तर एककडे ओढतात. माझ्या वाचनात, खरं गुणोत्तर मोजलेल्यापेक्षा कमी असण्यापेक्षा जास्त असण्याची शक्यता अधिक. तक्त्यातला आकडा असा वाचायचा: किती आहे, आणि चुकला असेल तर कोणत्या बाजूला.

२००० आणि २००४: जुळणी कशी मिळवली

क्नॉरन आणि बेनेमान यांनी प्रयोगवाल्यांबरोबर २०००मध्ये जो निबंध लिहिला, त्यात एक प्रामाणिक पाऊल उचललं. त्यांनी बोल्ट्झमान समीकरणावर उभं मॉडेल केलं आणि त्यात टकरींसोबत भरणा आणि निसटणं दोन्ही घातलं. म्हणजे जे प्रयोग मोजतो तेच त्यांनी काढलं. तुलना समान वस्तूंची झाली, आणि ही गोष्ट या क्षेत्रात वाटते त्यापेक्षा दुर्मीळ आहे. त्यांना असंही दिसलं की फक्त अवस्थांची घनता मोजून भागत नाही. दोन इलेक्ट्रॉनांतल्या टकरीची तीव्रता, म्हणजे कुलोम मॅट्रिक्स एलिमेंट, प्रत्येक धातूत वेगळी घ्यावी लागते: लोहात सर्वात जास्त, मग तांब्यात, आणि निकेल-कोबाल्टमध्ये सारखीच पण कमी. तशी घेतल्यावर प्रयोगाशी बऱ्यापैकी जुळतं.

इथे ‘घेतल्यावर’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. ती तीव्रता सिद्धांतातून निघालेली नाही, जुळावी म्हणून निवडलेली आहे. त्यामुळे या जुळणीतून आपल्याला तीव्रतेचा क्रम कळतो. सिद्धांत बरोबर आहे, हे त्यातून कळत नाही.

झुकोव्ह, चुल्कोव्ह आणि एचेनिके यांचा २००४चा निबंध दुसऱ्या टोकाला आहे. इथे हाताने बसवलेली तीव्रता नाही. पट्टरचना काढायची, तिच्यावरून झाकणं काढायचं, आणि हेडिनच्या १९६५च्या जीडब्ल्यू पद्धतीने प्रत्येक अवस्थेचं आयुष्य. शिवाय त्यांनी टी-मॅट्रिक्सची भर घातली. का? साध्या जीडब्ल्यूमध्ये (स्पिन-कक्षा जोड वगळला तर) उतरताना इलेक्ट्रॉनचं स्पिन बदलत नाही. पण लोहचुंबकात स्पिनची लाट, मॅग्नॉन, निर्माण करून स्पिन पलटवता येतं. एक मॅग्नॉन चुंबकाचं एकूण स्पिन एका एककाने कमी करतो, म्हणून अल्पसंख्य स्पिनचा इलेक्ट्रॉन पलटून बहुसंख्य झाला की हिशेब बरोबर बसतो. उलट दिशेने मॅग्नॉन सोडता येत नाही. हा रस्ता अल्पसंख्य इलेक्ट्रॉनांसाठीच उघडा आहे. २००४च्या निबंधाचं खरं योगदान हे.

टीकेचे मुद्दे दोन. पहिला: त्यांनी काढलेलं आयुष्य एका अवस्थेचं आहे, मग सारख्या ऊर्जेच्या सगळ्या अवस्थांवर सरासरी. भरणा नाही, निसटणं नाही, पृष्ठभाग नाही. प्रयोगाच्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवणं म्हणजे दोन वेगळ्या राशी शेजारी ठेवणं.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आयुष्यं बेरजेत जात नाहीत, क्षयाचे दर जातात. रस्ता कोणताही उघडा, एकूण दर वाढतो आणि आयुष्य कमी होतं. आता समजा साध्या जीडब्ल्यूचं उत्तर प्रयोगापेक्षा लांब आलं. तुम्ही मॅग्नॉन घातलेत, उत्तर आखूड झालं, प्रयोगाच्या जवळ गेलं. पण फोनॉन घातले असतेत तरी जवळ गेलं असतं. स्फटिकातले दोष घातले असतेत तरी, पृष्ठभाग घातला असता तरी. सगळ्या भरी एकाच दिशेला ढकलतात, त्यामुळे ‘भर घातल्यावर जुळणी सुधारली’ हा त्या विशिष्ट भरीचा पुरावा ठरत नाही. हा युक्तिवाद फक्त २००४च्या निबंधापुरता नाही. दुरुस्ती करून जुळणी सुधारल्याचं सांगणारा कोणताही निबंध वाचताना हा प्रश्न विचारा: दुसरी कोणती दुरुस्ती याच दिशेला गेली असती?

मग मॅग्नॉनचा पुरावा कुठे शोधायचा? जे मॅग्नॉन करतो आणि फोनॉन-दोष करत नाहीत, तिथे. मॅग्नॉन एकाच स्पिनला ओढतो. म्हणजे कसोटी पुन्हा स्पिननिहाय गुणोत्तरावर येते, त्याच मापावर ज्यात १९९७चा प्रयोग सर्वात मजबूत आहे. सरासरी आयुष्यांचे आलेख एकमेकांवर टाकून समाधान मानण्यापेक्षा, ते गुणोत्तर ऊर्जेप्रमाणे कसं बदलतं ते पाहावं.

याने फरक काय पडतो

१९९६मध्ये बोरपेर आणि सहकाऱ्यांनी निकेलचं चुंबकत्व लेसरने एका पिकोसेकंदाच्या आत घसरतं हे दाखवलं. ते का घसरतं यावर अजून वाद आहे. २०१०मध्ये बाटिआटो, कार्वा आणि ओप्पेनेर यांनी मांडलेल्या अतिविसरण मॉडेलप्रमाणे बहुसंख्य स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त जगतात, जास्त पळतात, आणि चुंबकत्व सोबत घेऊन थराबाहेर जातात. या मॉडेलला प्रत्येक स्पिनचं आयुष्य आणि वेग बाहेरून पुरवावे लागतात. ते अशाच मूलतत्त्वांच्या गणितातून येतात. म्हणजे एका निबंधातला आकडा दुसऱ्या निबंधाचं गृहीत बनतो, आणि त्याच्या अटी वाटेत गळतात. ‘सरासरी’, ‘पृष्ठभाग वगळून’, ‘भरणा वगळून’ हे शब्द मूळ तक्त्याच्या मथळ्यातच राहून जातात.

हे आपल्याशी थेट संबंधित आहे. स्पिननिहाय द्विफोटॉन उत्सर्जनाची जुळणी महाग आहे, बहुतेकांच्या हाताबाहेरची. गणित मात्र हाताशी आहे. क्वांटम एस्प्रेसो, यॅम्बो मोफत मिळतात, आयसर पुण्यात परम ब्रह्मसारखं यंत्र आहे. त्यामुळे इथे पीएचडीला येणारे बरेच जण गणिताच्या बाजूने येणार आणि दुसऱ्याच्या प्रयोगाशी जुळवणार. ज्याला स्वतः मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याचं मोजमाप अधिक बारकाईने वाचता यायला हवं. नाहीतर पाच वर्षं एका अशा आकड्याला जुळवण्यात जातील, ज्यात अर्धा वाटा भरण्याचा होता.

प्रयोगाकडे जाणाऱ्यांसाठी जवळचा रस्ताही आहे. इंदूरच्या इंडस सिंक्रोट्रॉनवर प्रकाश-उत्सर्जनाच्या बीमलाइन आहेत, आणि फर्मी पातळीखालच्या पोकळीचं आयुष्य रेषेच्या रुंदीवरून काढता येतं: ०.६५८ भागिले रुंदी (ईव्हीमध्ये) म्हणजे फेमटोसेकंद. ०.१ ईव्ही रुंदी म्हणजे ६.६ फेमटोसेकंद. पण त्या रुंदीत फोनॉन, दोष आणि यंत्राचा वाटाही असतो. तोच प्रश्न, वेगळ्या वेशात.

शब्दांचीही काळजी घ्या. ‘हॉट इलेक्ट्रॉन’ शोधलंत तर मुंबईच्या टीआयएफआरमधलं जी. रवींद्र कुमार यांच्या गटाचं सुंदर काम समोर येईल. ते अतितीव्र लेसरने बनलेल्या प्लाझ्मातले इलेक्ट्रॉन आहेत, हजारो ईव्ही आणि त्याहून वरचे. आपले १ ईव्हीचे. नाव एक, भौतिकी वेगळी.

पुढचा असा निबंध उघडाल तेव्हा समासात चार ओळी लिहा. हे आयुष्य एका अवस्थेचं की गर्दीचं? कशावर सरासरी घेतली? कोणती गोष्ट जुळावी म्हणून निवडली? आणि आकडा चुकला असेल तर कोणत्या बाजूला? चारही उत्तरं निबंधात सापडली, तर आकडा वहीत उतरवा, त्याच्या अटींसकट. पुढच्या पोस्टमध्ये यॅम्बोवर तांब्याचं जीडब्ल्यू आयुष्य काढून वरच्या २३ फेमटोसेकंदांशेजारी ठेवू. तोवर क्विन-फेरेलचं सूत्र ॲल्युमिनियमसाठी करून ठेवा. आर-एस २.०७ घ्या, १ ईव्हीला ४३च्या आसपास यायला हवं.